दीडचा डबा

भिंगाखाली ती पाकिटं दिसतात.
चौकोनी, बंद, मधोमध घडीची फुली.
कॅल्शियम ऑक्झलेट, मी वहीत लिहिते, दोन अधिक,
आणि पुढची काच सरकवते.
भुसावळच्या या लॅबमध्ये अकरा वर्षं
लोकांच्या लघवीतलं टपाल मीच वाचते.

सुकलालचं टपाल मात्र घरी नेलं.

तो मालगाडीचा गार्ड. हुद्द्याला आता नवं नाव आलंय,
डबा जुनाच, तीन पुडांचा, कडी सैल झालेला.
गाडी नरडाण्याला लूप लाइनीत घालतात,
शेजारून एक्स्प्रेस जाते, मग दुसरी, मग कोळसा.
दीड वाजता टॉर्च उभी करून तो जेवतो.
कळण्याची भाकरी, ठेच्यावर शेंगदाण्याचं तेल,
शेवभाजी, तिच्यावर बोटभर तर्री.
आणि कमी पडलं तर असावं म्हणून
कागदाच्या पुडीत वेगळं मीठ.

मी त्याला सांगते, जसं मला खाचणे डॉक्टरांनी सांगितलं:
मूत्रपिंडालाही पाळी असते रे.
दिवसा ते मीठ सोडतं, पोटॅशियम सोडतं,
दिवस कलला की शटर अर्धं खाली.
तू मध्यरात्री ट्रक आणून उभा करतोस,
उतरवायला हमाल एकच, तोही पेंगलेला.
मीठ रक्तात मुक्कामाला राहतं,
जे निघतं ते जाताना चुन्याला हाताशी धरून नेतं,
आणि तू सहाला येऊन पडतोस
घोटभर पाणी न पिता, पार दुपारपर्यंत.
साचतं ते तेव्हा.
हंड्याच्या बुडाला आपल्या बोअरच्या पाण्यानं
धरलेली पांढरी खपली
नखानं काढून बघ एकदा.

तो ऐकतो. तळहातावर तंबाखू घेतो,
डबीतला चुना नखाएवढा, आणि चोळत बसतो.
"माले दीडलेच भूक लागस," म्हणतो.
"तठे घड्याय कोन देखस? सिग्नल देखतस."

सोनोग्राफीत डावीकडे सात मिलिमीटर.
रिपोर्टवर पूर्ण नाव: सुकलाल दगडू बडगुजर.
तिथला पोरगा वाचून हसला. मीही हसले.
आधीची दोन गेली म्हणून सासऱ्यांचं नाव दगडू ठेवलेलं,
यमानं उचलू नये म्हणून.

मागच्या मंगळवारी एक काच उरली.
सहज म्हणून माझाच नमुना.

मी नऊला त्याचा डबा भरते,
तो गेल्यावर भांडी, मग गणवेश भिजत घालणं,
मग कढईत जे उरलं असेल ते, ओट्याशी उभ्यानं,
अकरा, साडेअकरा.
पाण्याचा तांब्या उशाशी नेत नाही,
रात्री उठावं लागतं म्हणून.

एक पाकीट. बाजूला आणखी एक.
तिसरं अर्धंच दुमडलेलं.
पत्ता वाचायची गरज नव्हती.
काच धुतली, वाळत ठेवली,
रजिस्टरमध्ये काही लिहिलं नाही.

बुधवारी सातलाच चूल, म्हणजे गॅस, पेटवला.
एकटीनं जेवायला बसले,
भाकरी इतकी गरम की फुंकर मारावी लागली,
आणि चोरून खाल्ल्यासारखं वाटत राहिलं.
वासानं तो उठून आला, डोळे अर्धे मिटलेले.
"एवढ्या लवकर?"
तरी बसला.
दीड भाकरी खाल्ली, ताक प्यायला,
दुसऱ्यांदा मागितलं नाही.
बाकीचं मी डब्यात भरलं. रोजच्यापेक्षा कमी.

रात्री दीडला जाग आली.
भूक नव्हती, नुसती सवय.
यार्डात वाघिणी एकमेकींना धडकत होत्या,
लांबून सुरू होऊन आपल्या भिंतीपर्यंत येणारा तो आवाज.
तांब्यातलं पाणी प्याले. जड पाणी.
नरडाण्याला टॉर्च उभी असेल की नाही,
इथून काही कळत नाही.

सकाळी डबा परत आला.
खालचा पुड तसाच,
वरचा चाटूनपुसून.
मिठाची पुडी कुठे दिसली नाही.
मीही विचारलं नाही.